तिसरं कलम

तेजश्री तिसऱ्यांदा उभी राहिली आणि तेच विधेयक पुन्हा वाचू लागली, तेव्हा पाहुण्यांच्या सोफ्यावर बसलेल्या पोपटरावांचं हसू मावळलं.

सव्वीस जानेवारी. झेंडा झाला, कवायत झाली आणि आता नववीचा वर्ग शाळेच्या मैदानात कांचनदेश नावाच्या साम्राज्याची संसद दाखवत होता. असला देश नकाशात नाही. तो गव्हाणे सरांनी काढला होता, कारण आपली संसद दाखवली की कुणाला ना कुणाला लागतं, आणि सरांना कुणालाच लागू द्यायचं नव्हतं.

कांचनदेशाला दोन सभागृहं. जनगृह खाली सतरंजीवर, मानगृह वर खुर्च्यांवर. खुर्च्या पोपटरावांच्या मंगल कार्यालयातून आलेल्या. कोण कुठं बसणार याच्या म्हणे चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्यांना गावातली घरं चांगली माहीत असावीत, कारण पोपटरावांचा नातू सत्यजीत आणि त्याच्या गल्लीतली पोरं नेमकी खुर्च्यांवर आली, आणि बौद्धवस्तीतली सगळी सतरंजीवर. कायदा जनगृहाने करायचा. मानगृहाला तो दोनदा परत पाठवता येतो. तिसऱ्यांदा जनगृहाने हात वर केले की मानगृहाला विचारायचं कारण नाही, कायदा झाला. हे तिसरं कलम सरांनीच लिहिलं होतं.

तालमीत झाडं लावायचं विधेयक होतं. आज तेजश्रीने दुसरंच वाचलं. साम्राज्यातल्या नळांना पाळीने पाणी सुटावं, एक दिवस वरच्या गल्लीला आधी, एक दिवस वस्तीला आधी. वस्तीतल्या नळाला तीन दिवस थेंब नव्हता. पोरगी पहाटे लांबच्या विहिरीवरून हंडे आणून मग शाळेत आली होती. कांचनदेश कुठं आहे ते मैदानात बसलेल्या सगळ्यांना कळलं.

मानगृहाने विधेयक एकदा परत पाठवलं. दुसऱ्या वेळी सत्यजीत खुर्चीवरून न उठताच म्हणाला की वरच्या गल्लीलाच पाणी पुरत नाही, खाली कुठून सोडणार. हे वाक्य सरांनी शिकवलेलं नव्हतं. ते तो घरून घेऊन आला होता.

आता फक्त हात वर व्हायचे बाकी होते. पोपटराव शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, आणि गावच्या पाण्याचा कॉक कधी कुठं फिरवायचा हेही तेच ठरवत. ते सरांकडे वळून हळूच म्हणाले, "सर, ऊन झालं. उरका आता."

सरांनी शिट्टी वाजवली. राष्ट्रगीत, सावधान.

सकाळी झेंड्याला एकदा म्हटलेलं राष्ट्रगीत पुन्हा सुरू झालं. पोरांची मतं दाबायला या माणसाला दुसरं काही सापडू नये याची चीड येते. अख्खं मैदान उभं राहिलं. तेजश्रीही राहिली, हात मांड्यांना चिकटवून, आणि एक शब्द न चुकता म्हणाली. राष्ट्रगीत संपताच मानगृह जिलेबीकडे पळालं. पोपटराव शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या आपल्या बंगल्यात निघून गेले.

जनगृहाला सरांनी खुर्च्या भरायला लावलं. ट्रॉली घेऊन कोंडिबा आला होता, तेजश्रीचा बाप. तो पोपटरावांचा ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टरचा स्टार्टर गेलेला, एकदा बंद केला की चार माणसांनी ढकलल्याशिवाय चालू व्हायचा नाही. म्हणून तो तसाच धडधडत उभा होता. खुर्च्या भरून झाल्या. एक राहिली. तिच्यावर तेजश्री बसली होती.

"ऊठ," सर म्हणाले. "खुर्ची जायचीय."

"मत राह्यलंय, सर."

"अगं, नाटक होतं ते. संपलं."

"मग तिसरं कलम कशापायी लिव्हलं?"

"कलम असावं लागतं म्हणून," सर म्हणाले, आणि मग त्यांना स्वतःचाच राग आला असावा, कारण त्यांनी तो कोंडिबावर काढला. "कोंडिबा, उठव तुझ्या पोरीला. मालकांच्या खुर्च्या आहेत."

कोंडिबाने बंगल्याकडे पाहिलं. मग पोरीकडे. उद्या कामाला बोलावतील की नाही, हे त्याला त्या खुर्चीवरच दिसत होतं. खुर्च्या भरून दमलेली पोरं ट्रॉलीला टेकून तो काय करतो ते बघत होती. तो सीटवरून खाली उतरला नाही.

"तिचं राह्यलंय तेवढं उरका की, सर," तो म्हणाला.

आणि त्याने ट्रॅक्टर बंद केला.

तेजश्रीने हात वर केला. ट्रॉलीजवळची पोरं एकेक करून सतरंजीवर येऊन बसू लागली. ट्रॅक्टरची धडधड थांबली होती. आणि तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं. भिंतीपलीकडे, पोपटरावांच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, आणि पाणी पत्र्यावरून धो धो गटारात पडत होतं.