आगीचं वर्ष

"ही नऊच झाली," वडील म्हणाले. "दहा वर्षं म्हणाली होतीस."

मुलगी पलंगाशेजारच्या स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. ज्या कापड-दुकानांच्या कंपनीत वडिलांनी उभी हयात काढली, ती कंपनी आता आपलेच शेअर परत विकत घेत होती. भाव दोनशे दहा, मुदत आज संध्याकाळपर्यंत. त्यांच्याकडचे शेअर द्यायचे की ठेवायचे, एवढंच ठरायचं होतं. कंपन्यांची किंमत काढणं हाच तिचा व्यवसाय, म्हणून त्यांनी तिला बोलावून घेतलं होतं.

"पुन्हा सांग बघू. तुझ्या आईला कळेल असं."

"मला कळतंय हो," आई सफरचंद किसता किसता म्हणाली. "तुम्हाला कळेल असं सांगू दे तिला."

मुलगी हसली. "एका वर्षाचा नफा बघून दुकानाची किंमत करायची नाही. एखाद्या वर्षी घर पाहुणे येण्याआधीसारखं दिसतं, एखाद्या वर्षी पाहुणे गेल्यानंतरसारखं. म्हणून दहा वर्षं घ्यायची. पण तेव्हाचे शंभर म्हणजे आजचे शंभर नव्हेत."

"नव्हेतच. तेव्हा शंभरात पिशवी भरायची. आता तळ झाकत नाही."

"म्हणून प्रत्येक वर्षाचा नफा आधी आजच्या महागाईत आणायचा, मग सरासरी काढायची. ती आली शेअरमागे चौदा. दोनशे दहा म्हणजे त्याच्या पंधरा पट. अशा दुकानांना लोक वीस पट देतात. स्वस्तात उचलतायत, बाबा. देऊ नका. चार-पाच वर्षं थांबलं की..."

"आगीचं वर्ष कुठाय?"

"ते धरत नाहीत. आग काय दरवर्षी लागते?"

"आग एक रात्र होती. तोटा वर्षभर का झाला?"

तिला ते माहीत होतं.

"मोठं दुकान आठ महिने बंद, आणि पगार चालू," वडील म्हणाले. "एकालाही घरी बसवलं नाही. म्हणजे बसवलं, पण पगार देऊन. मीसुद्धा इथे बसून होतो. विचार आईला."

"विचारू नकोस," आई म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात यांनी दुकान मांडलं होतं. डबे उंचीप्रमाणे. मीठ सापडायला मला दोन दिवस लागले."

वडिलांना हसू आलं, त्याचा खोकला झाला. तो ओसरेपर्यंत दोघी थांबल्या.

"त्याच वर्षी तुझं कॉलेज सुरू झालं," ते म्हणाले. "तुझी फी त्या तोट्यातच आहे. ती काढून टाकतेस होय?"

सकाळी जिन्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की आता महिन्यांची भाषा नको. गेला आठवडाभर वडील एकेक गोष्ट मिटवत होते. विमा झाला, बँक झाली, कपाटाच्या किल्ल्या आईकडे गेल्या. शेअर तेवढे उरले होते. आगीचं वर्ष काढलं की उत्तर 'थांबा' असं येत होतं.

तिने ते वर्ष घातलं. आजच्या महागाईत शेअरमागे सव्वीसचा तोटा. सरासरी चौदावरून दहावर आली.

"एकवीस पट," ती म्हणाली.

"म्हणजे देतायत ते रास्त आहे."

"हो."

"बघ. चोर नाहीत आमचे लोक." त्यांनी मान उशीवर टेकवली. बरं वाटल्यासारखे दिसले.

"पण बाबा, ठेवले तरी बिघडत नाही. घाई काय आहे? थोडं थांबलं तर..."

"चार-पाच वर्षं थांबा, म्हणालीस मघाशी," वडील हळूच म्हणाले. "ते कुणाला सांगत होतीस?"

आईचा किसणीवरचा हात थांबला. मुलीने लॅपटॉपचा पडदा जरासा वर केला, स्वतःचा चेहरा झाकण्यापुरता.

"देऊन टाक," ते म्हणाले. "एक ठेव."

"एक?"

"आम्हा दोघांच्या नावावर आहेतच. एक शेअर असला तरी वार्षिक सभेचं बोलावणं येतं. आईला जाऊ दे."

निवृत्त झाल्यापासून ते दर वर्षी त्या सभेला जात, आणि उठून काहीतरी विचारून येत. आईने त्यांच्याबरोबर कधी दारापर्यंतही पाऊल टाकलं नव्हतं.

"मी? मी तिथे जाऊन काय करू?"

"प्रश्न विचार."

"कसला डोंबलाचा प्रश्न विचारू मी!"

"कपडे घालून बघायच्या खोलीत पिशवी टेकवायला जागा का नसते? इतकी वर्षं मला ऐकवतेस. मी काय करणार? त्यांना ऐकव."

"ऐकतील ते?"

"एका शेअरचंही ऐकावं लागतं. नियम आहे."

मुलीने एक सोडून बाकी सगळे, असं भरलं. मग तिने बटण दाबलं. पोच आली. वडिलांनी तिच्याकडे पाहून मान हलवली.

आई किसणी बाजूला ठेवून टॉवेलला हात पुसत होती. बराच वेळ पुसत राहिली. मग पलंगाच्या पायथ्याशी जाऊन सरळ उभी राहिली.

"असंच उभं राहायचं?"

"असंच. आधी अध्यक्षसाहेब म्हणायचं."

"अध्यक्षसाहेब," आई म्हणाली. आवाज मध्येच बसला.

वडिलांनी डोळे मिटून घेतले होते.

"मोठ्याने," ते म्हणाले. "मागच्या रांगेत ऐकू आलं पाहिजे."