गिरणीचा ठेका

घरात पीठ मावेना, तरी चिपाटा गावचा मसाउसो रोज मका दळायला न्यायचाच. गिरणी चालवणारी तमाला दिसली की त्याच्या छातीत ढोल वाजायचे, पाय ठेका धरायचे. शेवटी मागणी घालायला त्याने मावशीला गिरणीवर आणलं.

त्या घरघराटात मावशी ओरडली, "अरे वेड्या, हे कसलं प्रेम! तान्हा होतास तेव्हा पाठीला बांधून मी तुला याच रांगेत नाचवायचे. गिरणी सुरू झाली की खिदळायचास नुसता!"

मसाउसोचं तोंड एवढंसं झालं. तमालाने सरळ खटका ओढला, गिरणी थांबली. "आता बघू, जीव माझ्यावर आहे की गिरणीवर!" रांगेतल्या बाया वाकून त्याच्या पायांकडे बघू लागल्या.

मसाउसोचे पाय काही थांबायचं नाव घेईनात.