बाईंचं पोस्टर

शाळेच्या प्रदर्शनात चित्रकलेच्या बाईंनी अणुबॉम्बवरचं पोस्टर लावलं: जळून काळंठिक्कर पडलेलं शहर आणि वितळलेली सायकल. ते बघून हेडसरांचा पाराच चढला.

"बाई, पाहुणे यायच्या आत हे काढा. कुठलं ते परकं शहर, आपल्याला काय त्याचं? नाहीतर उद्यापासून शाळेत येऊ नका."

 बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं, काढते."

हेडसर पाहुण्यांना घेऊन आले, तेव्हा पोस्टर जागच्या जागी होतं आणि बाई स्टुलावर चढून शेजारची भिंत रंगवत होत्या.

"अहो, काढा म्हटलं होतं ना मी?"

"काढतेय की, सर," ब्रश न थांबवता बाई म्हणाल्या. "या वेळी आपलं शहर काढतेय."