बाहेर जायचा कोड

अखेर मी सोसायटीच्या बाहेर पडलो. पण ते नंतरचं; तूर्त ते झालंच नाही असं धरा. सध्या मी आतच आहे.

माझा साखरपुडा पाचला, अंबरनाथला. आणि पावणेसहाला मी बदलापुरात, मामाच्या सोसायटीच्या गेटवर, त्याचीच उसनी शेरवानी घालून. मामा केव्हाच हॉलवर गेलाय. आत येताना ॲपवर मिळालेला कोड बाहेर जातानाही दाखवावा लागतो, आणि माझा फोन बंद पडलाय. कालच घेतला. डब्यात चार्जर नव्हता, 'पर्यावरण वाचवल्याबद्दल आभार' असा कागद होता. जुना चार्जर मी ई-कचऱ्यात देऊन वर स्टेटससुद्धा टाकलं होतं.

"हिरामणकाका, लहानपणापासून ओळखता ना मला?"

"मी ओळखतो रे," वॉचमनकाका म्हणाले. "ॲप नाय ओळखत. नवा कोड तुझ्या मामालाच पाठवता येतो."

"मग दोन मिनिटं तुमचा चार्जर तरी द्या."

काकांनी लाजत खिशातून चकचकीत फोन काढला. "माझा पण नवीनच हाय."

तेवढ्यात गेटपलीकडे रिक्षा थांबली आणि आतून आई ओरडली, "अनीश, मुलीकडचे उठायला लागलेत! तुझा मामा फोन उचलत नाहीये, तिकडे डीजे लागलाय. मार उडी भिंतीवरून!"

भिंत दहा फूट आहे.



सबब मोबाईल कंपनीस नम्र विनंती, की चार्जर न देऊन आपण जे पर्यावरण वाचवलंत, त्यातलं एक झाड, चढता येईल असं, या भिंतीला लागून तातडीने उगवून द्यावं.