हाताची हमी

“ज्यानं शेवटचा नट आवळला, त्यानंच पहिल्या उड्डाणात बसायचं. हाताची हमी जिवानं द्यायची!” थोरल्या मिस्त्रींची ही हाळी लेकीनं लहानपणी विमानांच्या हँगरमध्ये बाबांच्या खांद्यावर बसून ऐकली होती. बाबा मात्र शेवटचा नट आवळायचा मान दर वेळी सोबत्यांना देत. मोठ्या मनाचा माणूस, असं सगळे म्हणत.

आता सोबती एकेक करून घरी बसले होते. साठ वर्षांचं हे दोन आसनी विमान बाबांनी एकट्यानं, पीस पीस जोडत पुन्हा पाखरू केलं होतं. मंजुरीच्या कागदाशिवाय त्यात साधा वॉशरही गेला नव्हता. आज सकाळी शेवटचा नटही त्यांनीच आवळला.

वैमानिक लेकीनं पट्टा बांधला आणि शेजारच्या आसनावर थाप मारली.

“चला बाबा.”

“तू जाऊन ये. मी इथून बघतो.”

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिची नजर पंखांवरून फिरली.

“खरं सांगा, कागदाशिवायचं काही बसवलंत?”

“तुझी शपथ, नाही.”

“कुठे चीर दिसली? काही राहिलंय?”

“नाही गं.”

“तुमचाच तुमच्या हातावर भरवसा नाही, मग मी कुणाच्या जिवावर उडू?” तिनं पट्टा सोडला.

बाबांनी मान खाली घातली.



“मोठं मन कसलं गं, पोरी? मला विमानात बसायची भीती वाटते.”