रोजची चार अंडी

"यांच्या रक्तातलं प्रोटीन पुन्हा घसरलंय, वहिनी," कारखान्याचे डॉक्टर रिपोर्टवर बोट आपटत म्हणाले. "घरचं खाणं कमी पडतंय. अंडी वाढवा." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा महिने ती नवऱ्याला रोज चार अंडी खाऊ घालत होती. "आता फक्त आरवायचा राहिलोय," थर्मामीटरमध्ये पारा भरून भरून थकलेला तो, सुजलेले पाय चपलांत कोंबत पुटपुटला. पारा अंगात भिनत असेल का, असं तिनं डॉक्टरांना तीनदा विचारलं होतं; दरवेळी गाडी अंड्यांवरच आली होती. आज तिनं देवाचं नाव घेतलं आणि बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली. सकाळी त्याची कामाची विजार धुताना खिशातून पाऱ्याचा थेंब घरंगळून अंगठीला चिकटला होता, आणि पिवळंधमक सोनं पांढरंफटक पडलं होतं. "डॉक्टर, सोनंसुद्धा पाऱ्यानं खाल्लं. हिला रोज किती अंडी चारू?"