पाखरांसाठी राखलेलं खोड

"माणसांना जागा नाही, आणि पाखरांना अख्खं खोड!" बागेत झाडलोट करणारी वहिनी करवादली. माळी दीर नुसता हसला.

वठलेलं खोड पोकळ होऊन कुणावर कोसळू नये, म्हणून तो दर महिन्याला ते लाकडी हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा. हे काम आधी त्याच्या थोरल्या भावाचं, वहिनीच्या नवऱ्याचं होतं. सहा महिन्यांपूर्वी तो इथूनच न सांगता निघून गेला, असं घरातले म्हणत.

दिरानं एकदाच ठोकलं.

आतून उत्तर आलं. दोन ठोके घाईत, मग दम खाऊन तिसरा.

"सुतारपक्षी असेल," तो कसंबसं म्हणाला. थोरला अगदी असाच ठोकायचा.

वहिनीच्या हातून झाडू गळून पडला.

"भावोजी," ती म्हणाली, "हे कुठे गेलेच नाहीत."